खर्जाचा बाक

"बाई, मी कुठं बसू?"

बुधवारची प्रॅक्टिस होती. पाच वाजून गेले होते आणि मी पायपेटीवर बसून कुसुमच्या डोक्यात एक वरची ओळ घालत होते. ती ओळ तिच्या गळ्यात काही केल्या बसत नव्हती. जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी येऊन उभं राहिलेलं मला जाणवलं. मी मानही वर केली नाही.

"उशिरा आलं की गुपचूप आपल्या जागेवर बसायचं. त्यात विचारायचं काय?"

"आपली जागा कुठली, तेच विचारतेय."

आवाज ओळखीचा होता. असा खोल आवाज आमच्या मंडळीत दोनच माणसांचा. त्यातले शांतवनकाका माझ्यासमोर बसले होते, म्हणजे हा दुसरा. मी वर बघितलं आणि पायपेटीवरचा पाय थांबला.

निळ्या काठाची पांढरी साडी, केस मानेवर बांधलेले, कानात बारीक मोती, हातात गीतांचं जुनं पुस्तक. आमच्या क्वायरमधल्या बायका रविवारी नेसतात तीच साडी. चार वर्षांपूर्वी हाच आवाज उजव्या बाकावर शांतवनकाकांना खेटून बसायचा, पँट-शर्टात. तेव्हाचं नाव मी इथं सांगत नाही. तिनं ते टाकलंय, मी कशाला उचलू?

"सलाम, बाई," ती म्हणाली. "मी सुवार्ता. लोंढ्यांची."

आमची क्वायर चर्चच्या मागच्या माडीवर बसते, मंडळीच्या पाठीमागं. डावीकडं बायकांचे दोन बाक, उजवीकडं पुरुषांचा एक, मधे पायपेटी आणि मी. हजेरीच्या वहीतही तसंच. डाव्या पानावर 'भगिनी', उजव्या पानावर 'बंधू'. माझ्या आधीच्या बाईंनी तशी वही घातली आणि मी तीच पुढं चालवली. तिसरं पान लागेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

शांतवनकाकांना मोतीबिंदू. ते डोळे बारीक करून म्हणाले, "कोण आलंय? आवाज तर माझाच वाटतो."

"मीच आहे, काका."

"आलीस होय? बरं झालं. चार वर्षं एकट्यानं ओढतोय." काकांनी शेजारची जागा हातानं झटकली. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण हात तिथंच राहिला.

"आजच्या दिवस इथं पायपेटीपाशी बस," मी म्हटलं. "पंचांना विचारून सांगते."

ती स्टुलावर बसली. मी वही उघडली, दोन्ही पानं बघितली आणि मिटून ठेवली.

मी तशी फटकळ. छत्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, गावातला निम्मा माणूस माझ्या हातचा मार खाल्लेला. उजागरेबाई म्हटलं की अजूनही लोक तोंडातला गुटखा थुंकतात. त्यामुळं पंच कमिटीचे सेक्रेटरी हिवाळेसर माझ्याशी जरा जपूनच बोलायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले ती भांडायच्या तयारीनंच.

"बाई, माझं वैयक्तिक काही नाही," हिवाळेसर म्हणाले. वैयक्तिक काही नाही म्हणणाऱ्या माणसाचं सगळं वैयक्तिकच असतं, हा माझा अनुभव. "पण मंडळीला काय सांगायचं? तिनं... त्यानं शर्ट घालून पूर्वीसारखं पुरुषांत बसावं. कुणाची ना नाही."

"ती शर्ट घालणार नाही."

"मग खाली मंडळीत बसावं. देवाचं घर आहे, हाकलत थोडंच आहोत आपण?"

"सर, मागच्या आठवड्यात तुमची साखर कुणी तपासली?"

सुवार्ता पुण्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. आईला अर्धांगवायू झाला म्हणून गावी परतली आणि बाजारपेठेतल्या लॅबमध्ये लागली. आल्यापासून अख्ख्या गावाच्या दंडात सुई तीच टोचत होती.

"तिच्यापुढं हात करायला चालतो," मी म्हटलं, "आणि तिनं माडीवर बसलेलं चालत नाही? नाकानं कांदे सोलू नका, सर. आठ वर्षांची असल्यापासून ती माझ्या क्वायरमध्ये आहे. ती बायकांत बसेल. नाहीतर रविवारी पायपेटी तुम्ही वाजवा."

पायपेटी वाजवणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बसू दे," शेवटी म्हणाले. "पण बाई, तुम्हीच विचार करा. बायकांच्या बाकावरून असला घोगरा आवाज आला, तर सगळी मंडळी मान वळवून वर बघेल. उपासना बाजूला राहील. तिचीच शोभा होईल. बसू दे, साडी नेसू दे. गायला मात्र नको."

"क्वायरमध्ये बसून गायचं नाही?"

"ओठ हलवू द्या ना. लांबून कुणाला कळतंय?"

त्या वेळी मला तो तोडगा वाटला. खरं सांगते, वाटला. शाळेत कितीदा केलंय मी हे. पंधरा ऑगस्टला बेसूर पोरांना सांगायचं, बाळा, तू नुसते ओठ हलव. पोरही खूश, गाणंही खूश. मी हिवाळेसरांच्या घरून निघाले ते स्वतःची पाठ थोपटत. चर्चच्या इतिहासात न झालेली गोष्ट मी एका चहात करून दाखवली होती.

सुवार्ताला मी जिन्यात गाठलं.

"मिळाली जागा. डावीकडं, दुसऱ्या बाकावर, कुसुमशेजारी. भगिनींच्या पानावर नाव लिहिलंय मी."

तिचं तोंड एकदम उजळलं. मला वाटलं आता रडते की काय. "बाई, खरंच?"

"फक्त एक आहे. थोडे दिवस गायचं नाही. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. लोकांना सवय होईपर्यंत."

"कशाची सवय?"

"तुझी गं."

"मला तर ते रोजच बघतात, बाई. लॅबमध्ये. सवय व्हायची ती आवाजाची. आणि तो ऐकलाच नाही तर सवय कशी होणार?"

गणिताच्या बाईला पोरीनं गणित घातलं होतं. आणि उत्तर आलं नाही की मला राग येतो, तसा आला.

"हे बघ, मी तुझ्यासाठी भांडून आलेय. एवढं मिळालंय ते घे. सगळं एकदम मागायला गेलीस तर हेही जाईल."

"बरं," ती म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "तुम्ही सांगताय म्हणून."

जून ते डिसेंबर ती त्या बाकावर बसली. एक बुधवार चुकवला नाही, एक रविवार चुकवला नाही. आईला अंघोळ घालून, जेवू घालून, शेजारणीला बसवून ती यायची. आणि ओठ हलवायची तेसुद्धा चोख. श्वास कुठं घ्यायचा तिथंच घ्यायची. छाती भरायची, तोंड उघडायची, आणि त्यातून काही यायचं नाही. पहिल्या काही रविवारी मी तिच्याकडं बघत होते. मग बघायचं टाळायला लागले.

हिवाळेसर खालून अंगठा वर करून दाखवायचे. सगळं सुरळीत, असं.

एकट्या काकांना ते सुरळीत वाटत नव्हतं. शांतवन साळवे म्हणजे आमच्या क्वायरचा पाया. बेचाळीस वर्षं खर्ज म्हटला त्यांनी, म्हणजे सगळ्यांत खालची ओळ, जिच्यावर बाकीचे सूर उभे राहतात. पोस्टात होते. दिवसभर पत्रं वाटायची आणि बुधवारी येऊन सगळ्यांच्या खाली उभं राहिल्यासारखं गायचं. त्यांच्याशेजारी प्रभुदास बसायचा, पण तो नावालाच खर्जात. एस.टी.त कंडक्टर, अंगानं आडदांड, मिशा या एवढ्या. पहिल्या दिवशी तो माडीवर आला तेव्हा लाकडी जिना करकरला होता. त्याला बघूनच मी म्हटलं होतं, हा खर्जच असणार, बस काकांशेजारी. तो बसला. गातो की नाही ते काकांच्या आवाजात कधी कळलंच नाही.

ऑक्टोबरात एका बुधवारी प्रॅक्टिस संपल्यावर काका मागं थांबले.

"बाई, मला दिसत कमी असेल, पण ऐकू येतं. पोरगी का गात नाही?"

"काका, तिचा आवाज... बायकांच्या बाकावरून बरा दिसणार नाही."

"आवाज दिसतो कधीपासून?"

"तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

"मला नाही कळत." काका कधी आवाज चढवायचे नाहीत, तेव्हाही नाही चढवला. "तिचा आवाज फुटला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. या माडीवर माझ्याजवळ येऊन रडली होती. म्हणाली, काका, हा आवाज माझा नाही, मला नको. मी म्हटलं, नको तर नको, पण आलाय तर वापर. देवानं दिलंय ते खाली ठेवू नकोस. तेव्हापासून गायला लागली. आठ वर्षं लागली, बाई, तिला तो आवाज आपला म्हणायला. आणि तुम्ही तिला सांगितलंत ओठ हलव."

"मी तिला बाकावर बसवलं, काका. ते दुसऱ्या कुणी केलं असतं?"

"तुम्ही तिला बसवलंत. आवाजाला उठवलंत," काका म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.

मला ते लागलं. चार दिवस मी काकांशी धड बोलले नाही. आपण केलेल्या उपकाराची कुणी अशी किंमत करावी, म्हणून चरफडत होते.

नाताळ झाला आणि काकांना न्यूमोनिया झाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना बघायला दवाखान्यात गेले. नाकाला नळी होती. तिथंही त्यांनी माझा हात ओळखला.

"माझ्या मातीला कुठलं गीत म्हणायचं ते ठरवून ठेवा."

"काही तरी बोलू नका."

"'ओझे उतरले' म्हणा. आणि खर्ज सुवार्तानं म्हणायचा."

'ओझे उतरले' हे आमच्या मंडळीचं स्वतःचं गीत. जुन्या एका हेडमास्तरांनी रचलेलं, दुसरीकडं कुठं म्हणत नाहीत. त्याची पहिली ओळ खर्जानं एकट्यानं म्हणायची असते. *ओझे उतरले खाली, प्रभो, हात मोकळे झाले.* ती ओळ संपल्यावर बाकीचे तीन सूर वर चढतात. खर्ज नसेल तर ते गीत सुरूच होत नाही. प्रत्येक मातीला ती ओळ काकाच म्हणत आले होते.

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? हो म्हणा."

"काका, तुम्ही बरे व्हा आधी."

त्यांनी डोळे मिटले. मी हो म्हटलं नाही. ते मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. मरणाऱ्या माणसाला मी हो म्हटलं नाही, कारण पुढच्या रविवारी हिवाळेसर काय म्हणतील ते माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी सकाळी काका गेले. माती दुपारी तीनला ठरली.

अकरा वाजता मी प्रभुदासला डेपोतून बोलावून घेतलं. पायपेटीपाशी उभं केलं आणि ओळ वाजवून दाखवली.

"बाई, मला नाही जमायचं. ती काकांची ओळ."

"तीस वर्षांत एवढी ऐकलीस ना?"

"ऐकलीय. पण माझा गळा तेवढा खाली जात नाही."

"एवढा मोठा गडी तू. छाती भरून म्हण."

त्यानं म्हणून बघितलं. काहीतरी निघालं. दहादा घोटवून घेतलं, तेव्हा जरा बरं निघालं. "चालेल," मी म्हटलं. चालणार नव्हतं, ते त्यालाही कळत होतं. पण मी चालेल म्हटल्यावर पुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. सुवार्ताला मी बोलावलं नाही.

तीन वाजता चर्च गच्च भरलं. गावात टपाल वाटलेला माणूस, सगळ्या जातीधर्माचे लोक आले होते. बाहेर मांडवात खुर्च्या टाकल्या होत्या. शवपेटी पुढं ठेवलेली. माडीवर उजव्या बाकावर काकांची जागा तशीच रिकामी होती. डावीकडं दुसऱ्या बाकावर सुवार्ता, निळ्या काठाची साडी नेसून. रडून डोळे सुजलेले. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता आपली गायकमंडळी भाऊ शांतवन यांच्या आवडीचं गीत म्हणेल."

मी सुरावट वाजवली. प्रभुदासकडं मान हलवली. प्रभुदास उठला, छाती भरली, "ओझे" म्हणाला, आणि "उतरले"वर त्याचा गळा बसला. खाली जायच्या ऐवजी आवाज वर निसटला, बारीक, चिरका. तो तोंडावर हात ठेवून खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

खाली सगळे थांबले होते. कुणीतरी खोकलं. मी सुरावट पुन्हा वाजवली. शेवटचा सूर आला, मी पाय दाबून तो धरून ठेवला आणि डावीकडं बघितलं.

सुवार्ता उभी होती. मान ताठ, पुस्तक छातीशी. सूर मिळाल्याबरोबर तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ओठ हलवले.

ओझे. उतरले. खाली.

आवाज नाही. मी सांगितलं होतं तसंच, चोख. एकेका शब्दाला ओठ उघडत होते, मिटत होते. प्रभो. हात. शेजारी कुसुम तिच्याकडं बघत होती. अख्खी माडी तिच्याकडं बघत होती. खाली शवपेटीभोवती तीनशे माणसं खर्जाची वाट बघत होती, आणि खर्ज माझ्यापासून चार हातांवर उभा राहून मुकाट्यानं तोंड हलवत होता, कारण मी त्याला तसं शिकवलं होतं. मोकळे. झाले. ओळ संपली. तिनं ओठ मिटले आणि आता मात्र सरळ माझ्याकडं बघितलं.

खालून हिवाळेसर मान वळवून बघत होते आणि हातानं खूण करत होते, दुसरं काही म्हणा, लवकर. दुसरं काही म्हणता आलं असतं. ढिगानं गीतं होती.

मी पायपेटीवरून उठले. कठड्याला धरलं. छत्तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज मला आहे, तो लावला.

"सुवार्ता," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आवाज काढ. तुझा आहे तो. काकांनी सांगितलंय, ही ओळ तू म्हणायचीस. मला आठ दिवसांपूर्वी सांगितलंय, मी तुला सांगितलं नाही."

परत बसले आणि तिसऱ्यांदा सुरावट वाजवली.

आधी तिचा सूर आला की मला रडू आलं ते मला सांगता यायचं नाही. सात महिने बंद ठेवलेला आवाज. पहिल्या शब्दाला जरा खरखरला आणि मग सरळ खाली उतरला, जिथं काकांचा जायचा तिथं. माडीची फळी पायाखाली थरथरते ना, तशी थरथरली. खाली सगळ्यांनी मान वळवून वर बघितलं. हिवाळेसर म्हणाले होते तस्संच झालं. सगळ्यांनी बघितलं, बायकांच्या बाकावर, साडीतल्या सुवार्ताकडं. आणि मग एकेक जण परत पुढं वळला. त्यांना काकांसाठी रडायचं होतं, आणि आता ते रडू शकत होते. "हात मोकळे झाले" आलं तेव्हा बाकीचे तिन्ही सूर आपोआप वर चढले, मी खूण न करता.

दफनभूमीत मूठमाती दिल्यावर सगळे हात धुवायला नळाशी गेले. सुवार्ता बाजूला उभी होती, हाताला माती तशीच. मी गेले तिच्याजवळ.

"पहिल्यांदा सुरावट वाजली तेव्हाच गायचं होतंस," मी म्हटलं. म्हणायचं वेगळंच होतं, पण तोंडातून तेच निघालं. सवय. "दुसऱ्यांदा तरी."

"येत होतं गळ्यापर्यंत."

"मग?"

"मी गायले असते तर सगळे म्हणाले असते, बाईंचं न ऐकता गायली. काकांच्या मातीला गोंधळ घातला. जे तुम्ही बंद केलं होतं ते तुम्हीच उघडायला हवं होतं, बाई. मी किती दिवस वाट बघतेय."

नळावरची माणसं पांगायला लागली होती. हिवाळेसर लांबून आमच्याकडं बघत होते, पण जवळ आले नाहीत.

"माझी चूक झाली गं," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात हे वाक्य मी चार-पाच वेळाच बोलले असेन.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या बाई, असं काही नाही. सगळी पोरं म्हणतात तसं.

"हो," ती म्हणाली. "झाली." आणि नळाखाली हात धरले.

पुढच्या बुधवारी मी पाचच्या आधीच माडीवर जाऊन बसले. एकेक जण आला, आपापल्या बाकावर टेकला. सुवार्ता शेवटी आली. जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि तिनं विचारलं. मुद्दाम विचारलं असावं, तिच्या तोंडावर हसू होतं.

"बाई, मी कुठं बसू?"

मी हजेरीची वही काढली. बंधू आणि भगिनी, दोन्ही पानं फाडली. कुसुम "अगं बाई" म्हणाली.

"आधी गा," मी म्हटलं. "मग सांगते. आणि तू एकटी नाही, सगळ्यांनी. उठा. भिंतीशी उभे राहा. मी पाठ करून बसते. एकेकानं एक ओळ म्हणायची, नाव सांगायचं नाही."

"बंधू-भगिनी एकत्र बसवणार का काय?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"आवाज बसवणार आहे. गा."

मी तोंड फिरवून भिंतीकडं बसले आणि ऐकायला लागले. खर्ज आला तो मी लगेच ओळखला, तो काकांच्या जागी. मग एक मधला, जाडसर, भरलेला, ऐकतच राहावा असा. वळून बघते तर कुसुम. वीस वर्षं मी तिला वरच्या ओळीत ताणत होते आणि वर तिच्यावरच डाफरत होते. तिला मी उजव्या बाकावर बसवलं, पुरुषांत. ती बसली ती पाय लांब करून, एकदम सुटल्यासारखी.

सगळ्यांत शेवटी एक आवाज आला. बारीक, उंच, गोड, न चाचरता सरळ वर चढत जाणारा. हा कुणाचा म्हणून मी डोक्यात सगळ्या बायका मोजल्या, तर एकही उरली नव्हती. मी वळले.

प्रभुदास भिंतीशी उभा होता. मिशा ओल्या झालेल्या, डोळे मिटलेले, आणि गात होता. तीस वर्षं तो माझ्यासमोर चुकीच्या बाकावर बसत होता, आणि एकदाही मी त्याला गाऊन दाखव म्हटलं नव्हतं.